आवाज दाराबाहेर काढून ठेव

अम्ब्रुश, बूट राहू देत पायात,
आवाज तेवढा दाराबाहेर काढून ठेव.
गोठा आहे हा, तुमच्या कोलोझ्वारचं मैदान नाही.
आत एक बाई राहते, चार पायांची,
काळी, जाडजूड, माझ्याहून मानी.
नाव बार्शोन्य. म्हणजे मखमल.
नाव ठेवणाऱ्या तुझ्या आजोबानं
जन्मात कधी मखमल हातात धरली नव्हती.
पारडू होती तेव्हा तिच्या कानामागे बोटं फिरवली
आणि म्हणाला, असंच लागत असणार ते.

समोरून जा.
मागून गेलास तर तिला वाटेल लांडगा आला.
तिनं लांडगा पाहिलेला नाही,
पण तिच्या पाठीला तो आठवतो.
हात उघडा धर. रिकामा असला तरी चालेल,
लपवलेला नको.
हुंगू दे. ती वाचते आहे तुला:
सकाळी काय खाल्लंस, मांजरीला कुठं कुठं हात लावलास,
आणि काल संध्याकाळी
आलुबुखारच्या झाडामागं उभा राहून
तू काय फेकलंस.

मला कसं कळलं?
बोग्लार्कानं चुगली केलेली नाही,
तिला उगाच चिमटे काढू नकोस.
काल बादली रिकामी आली घरात.
अकरा वर्षं मी तिच्या कुशीला कपाळ टेकून दूध काढते,
काल तिनं पान्हा चोरला.
अंग आखडून उभी, कान मागे,
आणि शेपटीचा एक सणसणीत फटका माझ्या गालावर.
तुझा होता तो. मी घेतला.

नाही, रागावणार नाही.
त्याच आजोबानं मला हेझलच्या फोकानं झोडून शिकवलं होतं
की जनावराला मारू नये.
मोठा झालास की हसशील यावर.
मी मात्र त्यानंतर वर्षभर मारत राहिले,
फक्त तो बघत नसताना.

मागं मी दवाखान्यात पडले होते
तेव्हा शेजारची यूलिश माझाच एप्रन, माझाच रुमाल बांधून
दोन आठवडे हिच्याखाली बसली.
गावभर सांगत फिरली, फसवली म्हैस!
फसवली म्हणे.
हिला पहिल्याच दिवशी कळलं असणार,
पण यूलिशचे हात भीत भीत का होईना, खरे होते.
तुला मी एप्रन देणार नाही.
तू तूच म्हणून जा.

बोलायचं काय, ते मला नको विचारू.
हंगेरियनमध्ये बोल, रुमानियनमध्ये बोल,
शाळेतली कविता म्हण,
मधली ओळ गाळलीस तरी तिला खपेल.
फक्त खोटं नको. खोटं बोलताना घाम बदलतो.

तुझा बाप तुझ्याएवढा होता
तेव्हा या उतारावरून संध्याकाळी शंभरेक म्हशी यायच्या,
हाकणारा मागं राहिलेला, गप्पा मारत,
आणि प्रत्येक आपापल्या फाटकाशी बरोबर थांबायची.
फाटक उघडायला आम्ही पोरं धावायचो.
आता म्हशी नऊ. पोरं, तुम्ही दोघं धरून, सहा,
तीही ऑगस्ट संपेपर्यंत.
इतकी थोडकी असल्यावर
एकमेकांना तोंडओळख तरी हवी की नको?

गप्प का झालास?
बरं. गप्प राहिलेलंही तिला कळतं.
तिनं मान वळवली बघ.
जीभ खरखरीत असते, सुताराच्या कानशीसारखी,
हात ओढू नकोस... हं. असा.
मीठ चाटते आहे.
गालावरून आलं का ते मीठ?
मी पाहिलं नाही. मी चारा झटकत होते.

जा, बादली आण.
तळ झाकला तरी पुष्कळ.
पहिली वाटी मांजरीची, दुसरी बोग्लार्काची,
तुला आज नाही.
उद्याचं माझ्या हातात नाही,
तिला विचार.